पेन्सिलीनं लिहिलेलं पाकीट

"ताई, विश्वास आहे हो, पण जीव लागत नाही."

मनातलं बोलायला माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून हे वाक्य मी इंदूरमध्ये गेली चोवीस वर्षं ऐकतेय. शब्द तेवढे बदलतात. कुणी म्हणतं, माझं ख्रिस्तीपण रविवारपुरतंच. कुणी म्हणतं, गुडघे टेकले की गॅस बंद केला का तेच आठवतं. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "गाणं म्हणताना हात वर असतो, पण डोळा मनगटावरच्या घड्याळाकडे." आणि या सगळ्यांच्या मागे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातलं एकच वचन लागलेलं असतं: तू थंड नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. उपदेशकांचं हे आवडतं वचन. ऐकणारा घरी जातो तो ओकून टाकलेल्यासारखाच.

यंदा नाताळापासून ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत चौघांनी हीच तक्रार आणली, म्हणून लिहायला बसले. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. त्यांना नुसतं भाऊ म्हणते.

भाऊ बँकेत अधिकारी, वय सेहेचाळीस. आजोबा नगरकडून इंदूरला आलेले. कॅनडाच्या मिशननं १८७७ पासून इथे काम उभं केलं, त्या परिसरात वाढलेली जी मराठी घरं आहेत, त्यांतलं हे एक. उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत. पहिल्या भेटीत भाऊंनी खिशातून वही काढली आणि हिशोबच मांडला. "बघा, जानेवारीत एकवीस दिवस पवित्र शास्त्र वाचलं. फेब्रुवारीत नऊ. मार्चमध्ये तर काहीच नाही." चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसतात, दुसरं गीत सुरू झाल्यावर येतात आणि आशीर्वादाआधी निघतात. स्कूटर बाहेरच्या दिशेला तोंड करून लावलेली असते. हेही त्यांनीच सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"आग, ताई."

"कसली?"

"बाबांसारखी."

मी पुढे काही बोलले नाही. असं वाक्य आलं की गप्प बसायचं, हे मला फार उशिरा जमलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी अशा जागी सल्ला देऊन मोकळी व्हायचे.

दुसऱ्या भेटीत ते कोमट पाण्यावर आले, तेव्हा मात्र मी बोलले. ते वचन ज्या पत्रात येतं, ते लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेलं आहे. ते गाव आजच्या तुर्कस्तानात. जवळच हेरापली, तिथे गरम पाण्याचे झरे. आजही तिथे, म्हणजे पामुक्कालेला, लोक ते पाहायला जातात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी थंड, गोड. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून नळांनी आणावं लागे. ते दगडी नळ सापडले आहेत, आतून क्षारांच्या थरांनी बुजत आलेले. पुष्कळ अभ्यासक हे वचन या पाण्यावरून वाचतात. गरम पाण्यानं दुखरं अंग शेकावं, थंड पाण्यानं तहान भागवावी. दोन्ही कामाची. म्हणजे 'थंड' ही काही शिवी नव्हे, आणि वचन मनाच्या तापमानाबद्दल नसून उपयोगाबद्दल आहे. तुमच्या असण्यानं कुणाला काही मिळतं का, एवढाच प्रश्न.

इंदूरकराला हे समजायला वेळ लागू नये. आपलं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर येतं, तेही विंध्याचा चढ चढून. नळ आला की आपण बोट बुडवून ते ऊन आहे का गार, हे बघत बसत नाही. आलं ना, भरा.

भाऊ हसले. पण सुटल्यासारखे हसले नाहीत. "हे डोक्याला पटलं. पण मग मी मागच्या बाकावर का बसतो?"

प्रश्न बरोबर होता. माझी पद्धत साधी आहे. माणूस माझ्याकडे एकटा येतो, पण घर बरोबर घेऊन येतो. "माझं मन अर्धंच लागतं" असं कुणी म्हणालं की लागलेल्या अर्ध्याची मशागत सगळेच सांगतात: जास्त वाचा, लवकर उठा, उपास करा. मी दुसऱ्या अर्ध्याची चौकशी करते. ते कुठेतरी असणारच. ते काय करतंय?

उत्तर एका पाकिटातून आलं. आमच्याकडे मासिक वर्गणीची पाकिटं असतात, वर नाव, महिना, रक्कम. चौथ्या भेटीत भाऊ वही काढायला गेले आणि ते पाकीट खाली पडलं. मी उचलून दिलं. नाव पेननं लिहिलेलं होतं, रक्कम पेन्सिलीनं. एक हजार. खाली आधीचा खोडलेला आकडाही पुसट दिसत होता.

"पेन्सिलीनं का?"

"सवय."

"बँकेत असं चालतं का तुमच्या?"

"नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ पाकिटाची कड दुमडत राहिले. "खोडता येतं ना. आमच्या घरी सगळं पेननं लिहिलं जायचं."

आणि मग भोपळा आला.

कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये धान्य, फळं, केक, कधी कोंबडीसुद्धा आणतात, हे बहुतेकांना माहीत आहे. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. चार आण्यांच्या लिंबाला पन्नास रुपये बोलणारा माणूस त्या दिवशी मोठा. १९९१चा सण. भाऊ बारा वर्षांचे. वडील शाळेत शिक्षक, मंडळीच्या कारभारातले 'वडील' म्हणजे एल्डरही, आणि 'देवाला द्यायचं तर मोजायचं नाही' म्हणणारे. एक लाल भोपळा निघाला. बोली चढत गेली. वडिलांनी तीनशे पन्नास म्हटलं आणि टाळ्या पडल्या. भोपळा सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधून घरी आला. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी घारगे, मग भरीत, मग पुन्हा भाजी. पाचव्या दिवशी फी न भरणाऱ्या मुलांची नावं वाचली गेली.

"मी वर्गात उभा होतो ताई, आणि तोंडाला भोपळ्याची चव होती."

त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. पण मला उत्तर मिळालं होतं, निदान तसं वाटलं होतं. बारा वर्षांच्या मुलानं उभ्याउभ्या ठरवलं होतं की देवाला पूर्ण मन दिलं की घरातल्या कुणाला तरी वर्गात उभं राहावं लागतं. म्हणून त्यानं अर्धं मन घरासाठी राखून ठेवलं. त्याला ना आळस म्हणता येत होतं, ना जगाचा मोह. चौतीस वर्षं ते मन दाराशी राखण करत बसलं होतं, स्कूटर बाहेर तोंड करून लावत होतं.

पुढच्या भेटीत मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढायला लावला. आईबापांना जे द्यायला हवं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशूनं काय सुनावलंय ते वाचा, म्हटलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे बाबांना कुणी दाखवलं नाही?"

"ते कुणाचं उदाहरण द्यायचे?"

"टिळकांचं. नेहमी टिळकांचं."

कवी ना. वा. टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती घरातला मापदंडच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार सोडलं, अंगावरचं काढून देणारा माणूस. मी विचारलं, "आणि लक्ष्मीबाईंचं?" टिळकांनी तो निर्णय बायकोला बरोबर न घेता केला. तिनं काय सोसलं, ते तिनंच पुढे लिहून ठेवलंय, तेही हसत हसत. तिनं बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं. त्या पाच वर्षांना कोमट म्हणायची माझी तरी छाती नाही.

"आई आहे ना तुमची?" मी म्हटलं. "भोपळ्याचं तिला विचारा."

मला वाटलं होतं, आई रडेल, लेकाला जवळ घेईल, आणि झालं. माझा अंदाज साफ चुकला. भाऊ पंधरा दिवसांनी आले ते चक्रावलेले. आई म्हणाली होती, "फी? पैसे डब्यातच होते की. मीच दिले नाहीत चार दिवस. त्यांना कळावं म्हणून. तुला उभं करतील हे मेलं माझ्या लक्षातच आलं नाही." आणि मग म्हणाली, "तीनशे पन्नास मीसुद्धा बोलले असते. मला विचारलं नाही, याचा राग होता."

इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या नेमक्या वाक्यांपैकी हे एक, आणि ते माझ्या खोलीत नाही, त्यांच्या स्वैपाकघरात बोललं गेलं. मी त्या माउलीला बिचारी करून बसले होते. ती बिचारी नव्हती. तिच्याकडे डबा होता. आणि तेव्हा भाऊंचं कोडं मला खरं उलगडलं: बोली लावायची ओढ त्यांनी बाबांकडून घेतली होती आणि डबा झाकून ठेवणं आईकडून. दोन्ही हात एकाच वेळी काम करत होते. बाहेरून ते अर्धं मन दिसत होतं. आतून ती आईबाबांची न झालेली बोलणी होती.

"बाबांसारखी आग हवी" आणि "बाबांसारखं व्हायचं नाही", या दोन्ही गोष्टी प्रामाणिक होत्या. असा माणूस पहाटे पाचचा गजर लावून सुधारत नाही. मी अनेकांना गजर लावायला सांगितलेलं आहे, म्हणून बोलते.

आता जे मला हीच तक्रार सांगतात त्यांच्यासाठी थोडं, कारण प्रत्येकाच्या घरी भोपळा नसतो.

आधी एक गोष्ट तपासा. जीव फक्त प्रार्थनेतच लागत नाही, का कशातच लागत नाही? झोप उडाली आहे, जेवणाला चव नाही, आवडतं माणूस घरी आलं तरी उठवत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते विश्वासाचं दुखणं समजू नका. डॉक्टरकडे जा. नैराश्य झालेल्या कितीतरी जणांना मंडळीतल्या भल्या माणसांनी पश्चात्ताप करायला लावला आहे. तापानं फणफणलेल्याला कवायत करायला लावण्यासारखंच ते.

कोरडेपणा निराळा. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली, तेव्हा लोक दचकले. कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं, आणि काम एक दिवस थांबलं नव्हतं. भावना नाही म्हणजे निष्ठा नाही, हा हिशोबच चुकीचा. लग्नाला वीस वर्षं झालेल्या कुणालाही विचारा.

आणि तिसरं हे राखून ठेवणं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. ते कुणाची तरी राखण करत असतं, बहुधा फार जुन्या कुणाची. त्याला विचारा, कशाला भितोस? उत्तर देवाबद्दल येणार नाही. एखाद्या बापाबद्दल, पाळकाबद्दल, मोडलेल्या वचनाबद्दल येईल. मार्कच्याच नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धं मन घेऊन आलेला तो पहिला माणूस. त्याला आधी पूर्ण मन घेऊन ये, असं सांगून परत पाठवलेलं नाही. मुलगा बरा झाला.

भाऊंना मी शेवटी एकच काम दिलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तसं बसा, पण एकटे नका बसू. वही बायकोसमोर ठेवा. "तिला काय विचारू?" म्हणाले. लग्नाला एकोणीस वर्षं झालेला माणूस! तिला विचारल्यावर कळलं की तिला त्यांच्या शास्त्र वाचण्याच्या दिवसांशी काही देणंघेणं नव्हतं. आशीर्वादाआधी धावत बाहेर पडावं लागतं, कुणाशी बोलता येत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि हजार रुपये तिला जास्त वाटत होते, सासूच्या औषधांचा खर्च वाढल्यापासून.

मग रक्कम सातशे झाली, पेननं. मंडळीच्या खजिनदारांनी म्हणे भुवया उंचावल्या, "कमी का हो?" भाऊ म्हणाले, "विचारून टाकलेत."

आग अजून लागलेली नाही. मागच्या महिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, तर खांदे उडवून हसले. बसतात अजून शेवटच्याच बाकावर, पण उपासनेनंतर बायकोचं बोलणं संपेपर्यंत तिची पर्स धरून अंगणात उभे असतात. त्यात एका म्हाताऱ्या बाईंना रिक्षा करून द्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय, दर रविवारी. त्याचीही थोडी तक्रार केली.