खाडीत होडी भाड्याने घेताय?

सुट्टीत मित्रांना घेऊन ठाण्याच्या खाडीत जायचं म्हणतोस, तर आधी तिथी बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ मानाने कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ठाण्याकडे थोडी उशिरा. पाणी उतरायच्या आत परत फिर. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीत होडी चिखलात बसली की पुढच्या भरतीशिवाय हलत नाही. उतरून ढकलायला तर मुळीच जाऊ नकोस, पाय रुततात.

खरी काळजी घ्यायची ती कोळ्यांच्या जाळ्यांची. पाण्यावर थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामा डबा तरंगताना दिसला की खाली जाळं आहे असंच समज आणि लांबून वळसा घाल. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलंच, तर इंजिन लगेच बंद कर, पंखा वर घे, हाताने सावकाश सोडव. सुरी लावू नकोस. हौशी लोक जाळी कापून बिनधास्त निघून जातात, त्याचा मला फार राग येतो. त्या माणसाचं पोट त्यावर आहे. जाळं फाटलंच तर कोळीवाड्यात जाऊन सांग, भरपाई दे.

फ्लेमिंगोंचा थवा दिसला की वेग कमी कर, जवळ जाऊन उडवू नकोस. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत पडलेलं नको.