चार वर्षांच्या मुलाला दम्याचा पंप रोज द्यायला मन धजत नाही, काय करू?

ताई, तुम्ही खानापूरहून लिहिलंय, की मुलाला जरा बरं वाटलं की रोजचा पंप बंद होतो, सासूबाई ‘सवय लागेल’ म्हणतात, आणि थोड्याच दिवसांत छाती पुन्हा घरघरायला लागते. माझं निपाणीत मेडिकल आहे, अशी घरं मी नेहमी बघतो. याला कुणी हयगय म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. यामागे भीती असते आणि थकवा असतो.

धाप लागल्यावरचा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, काही मिनिटांत श्वास मोकळा करतो. म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. रोजचा पंप, बहुधा बुडेसोनाईड नावाचं स्टेरॉइड, श्वासनळीच्या आतली सूज उतरवतो. त्याला काही आठवडे लागतात, आणि त्याचा गुण म्हणजे मुलाला काहीच न होणं! न दिसणाऱ्या गुणासाठी लेकराला रोज कोण रडवणार? पहिला पंप लोक पुन्हा पुन्हा नेतात. दुसऱ्यात बहुधा २०० मात्रा असतात. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली तर तो १०० दिवसांत संपायला हवा, पण सहा-सहा महिने कुणी नवा मागत नाही.

सासूबाईंना सांगा, याची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास होतो तो सूज परत आल्यामुळे. ‘स्टेरॉइड’ शब्दानं घाबरायला होतं हे खरं, पण पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. दमा उसळला की जे स्टेरॉइड पोटातून द्यावं लागतं ते मिलिग्रॅममध्ये, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंप टाळून मोठ्या डोसचीच पाळी येते. उंचीचंही लपवत नाही. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड चार ते सहा वर्षं दिलं होतं. मोठेपणी त्यांची उंची, ते औषध नसलेला पंप दिलेल्या मुलांपेक्षा, सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली, असं २०१२ साली प्रसिद्ध झालं. एवढंच. मृगाला हैदराबादचं माशाचं औषध घ्यायचा घरात हट्ट असेल, तर त्यानं दमा जातो याला पुरावा नाही. निदान त्यासाठी पंप तरी सोडू नका.

आता थकवा. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांना हजारावर मजुरी मिळते. रात्री हजार पुरे करताना पोराचा पंप राहून जातो, त्यात त्या आईला काय बोलायचं? अमेरिकेतल्या एका अभ्यासात नैराश्याची लक्षणं असलेल्या आयांनी डोस विसरण्याच्या अडचणी जास्त सांगितल्या. तुम्हालाही झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर मुलाच्याच डॉक्टरांना तेही सांगा. तो त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

घरात पंप देणारं माणूस एकच ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं दिला. दात घासायच्या आधी द्या, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावूनच द्या, एका वेळी एकच मात्रा, मग पाच-सहा संथ श्वास. मूल रडत असेल तर औषध छातीत नीट पोचत नाही, आधी शांत करा. खानापूरच्या पावसाळ्यात ओले कपडे घरातच वाळतात, चुलीचा धूर कोंडतो. तेव्हा तर मनानं पंप थांबवूच नका.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर धापेचा पंप देत देत तडक दवाखाना गाठा.

एरवी दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जाल तेव्हा डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा. त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या, आणि पंपाची सगळी माहिती त्यांना मराठीतून सांगायची डॉक्टरांना विनंती करा.