टॉवेल खांद्यावर गेला कसा?

प्रश्न असा आला आहे: ‘टॉवेल खांद्यावर टाकून तो बाहेर आला’ या वाक्याचं इंग्रजी करताना मी ‘थ्रू’ (‘थ्रो’चा भूतकाळ) लिहिलं. मित्र म्हणतो ‘स्लंग’ हवं, क्लासच्या बाई म्हणतात ‘ड्रेप्ड’. बरोबर कोण?

मित्र. तुमचं ‘थ्रू’ही चालेल, मात्र पुढे ‘ओव्हर’ हवं. बाईंचं चालणार नाही. हे ‘ड्रेप’ प्रकरण आता डोक्यात जायला लागलं आहे. जरा कुठे काही लोंबकळताना दिसलं की लावा ‘ड्रेप’. परवा एका अनुवादात नायकाने दप्तर खांद्यावर ‘ड्रेप’ केलेलं वाचलं. दप्तर कसं ड्रेप होईल? मुळात फ्रेंचमध्ये ‘द्रा’ म्हणजे कापड (लिहिताना शेवटी ‘प’, म्हणून इंग्रजीत कापडवाला तो ‘ड्रेपर’). ड्रेप होणारी वस्तू सैल हवी, तिला चुण्या पडायला हव्यात, आणि ती निगुतीने सोडलेली हवी. सोफ्यावर अंग टाकून पसरलेल्या माणसालाही इंग्रजीत ड्रेप झालेला म्हणतात, कारण त्या घटकेला त्याचं कापड झालेलं असतं. तुमच्या वाक्यातला माणूस निगुतीने काहीच करत नाहीये. टॉवेलचं एक टोक हातात, मनगटाला हलका झटका, दुसरं टोक पाठीवर थपकन. हे ‘स्लिंग’. यात भिरकावणं आणि लटकणं दोन्ही एकाच क्रियापदात येतं. रागाने भिरकावला तर ‘फ्लंग’, सहज खुर्चीवर टाकला तर ‘टॉस्ड’. बाकीचं कोशात आहे.

आता खरी गंमत. ‘थ्रो’चा मूळ अर्थ फेकणे नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘थ्रावन’ म्हणजे पिळणे, फिरवणे. जर्मन ‘ड्रेहेन’ त्याचा सख्खा भाऊ, आणि तो आजही नुसता फिरवतोच. कुंभार चाकावर मडकं घडवतो त्याला इंग्रजीत ‘थ्रो’ म्हणतात, ते याच जुन्या अर्थाने. तिथे मडकं कोणी फेकत नाही! रेशमाच्या धाग्याला पीळ देणं हेही ‘थ्रोइंग’च.

मग त्या काळी फेकायला कोणता शब्द होता? ‘वेओर्पन’, म्हणजे आजचा ‘वॉर्प’. जर्मनमध्ये ‘वेर्फेन’ अजून इमानदारीत फेकतं आहे. इंग्रजीत मात्र ‘वॉर्प’चा अर्थ झाला वाकणं, फळीला पीळ पडणं. म्हणजे पिळणारा शब्द फेकू लागला आणि फेकणारा पिळू लागला. दोघांनी भर रस्त्यात टोप्या बदलल्या. मधल्या काळात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचं ‘कास्ट’ येऊन फेकण्याची गादी चालवून गेलं. आता ते मत, जाळं आणि सावली टाकण्यापुरतं उरलं आहे. (त्याचं भूतकाळी रूपही ‘कास्ट’च. ‘कास्टेड’ लिहिणाऱ्यांबद्दल मी इथे बोलणार नाही.)

पिळण्यातून फेकणं निघालं कसं? कोशकार इथे ‘कदाचित’ नावाच्या पडद्याआड जाऊन बसतात. कदाचित फेकण्याआधी वस्तू गरगर फिरवत असतील, असं हळूच कुजबुजतात आणि पुढच्या नोंदीकडे वळतात. अहो, कदाचित कसलं? लॅटिन बघा की. ‘तोर्क्वेरे’ म्हणजे पिळणे आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ भाला वगैरे फेकणे. त्यातूनच ‘तोर्मेन्तुम’ आला, म्हणजे पिळलेल्या दोरांच्या ताकदीवर दगड फेकणारं रोमनांचं यंत्र. मोटारसायकलवाले ज्याच्यावर तासन्‌तास वाद घालतात तो ‘टॉर्क’ही याच घरातला, आणि ‘टॉर्चर’सुद्धा. आधी पीळ, मग फेक.

आणि आपला ‘स्लिंग’? जर्मन ‘श्लिंगेन’ म्हणजे वेटोळं घालणे, गुंडाळणे. ‘श्लांगं’ म्हणजे साप, तोही याच कुळातला. इंग्रजी नाम ‘स्लिंग’ म्हणजे चक्क गोफण: आधी डोक्याभोवती गरगर, मग दगड सुटतो. मोडलेला हात गळ्यात अडकवायची झोळीही ‘स्लिंग’च, कारण तीही पट्ट्याचा फास. क्रिकेटवाल्यांना मलिंगाची स्लिंगिंग अ‍ॅक्शन आठवेल. हात आडवा गोफणीसारखा फिरायचा, म्हणून तर त्याला ‘स्लिंगा’ म्हणायचे.

तेव्हा माझं ठाम मत: माणसाला फेकण्याची कल्पना सुचली ती फिरवण्यातूनच, आणि भाषांनी ती जपून ठेवली. मराठीत ‘भिरकावणे’ घ्या. त्यातलं ‘भिर’ कानाला ‘भिरभिर’सारखंच लागतं. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे, असं मला एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी मान हलवत सुनावलं होतं. योगायोग एखाद्या भाषेत होतो. इंग्रजी, लॅटिन आणि मराठी अशा तिघींनी ठरवून योगायोग केला असेल, तर त्याला मी तरी दुसरं नाव देईन. ‘ध्वन्यनुकारी’, म्हणजे आवाजाची नुसती नक्कल, असा शिक्का मारला की व्युत्पत्ती शोधायचे कष्ट वाचतात, एवढंच त्या मतातलं तथ्य.

उलट ‘फेकणे’त बिलकुल गिरकी नाही. ‘टाकणे’त तर फेकही नाही, नुसतं सोडून देणं आहे: लिहून टाकलं, विकून टाकलं, बोलून टाकलं. या एका सहायक क्रियापदावर स्वतंत्र लिहावं लागेल. टॉवेल ‘टाकला’ म्हणताना आपण त्याच्या प्रवासाबद्दल काही सांगतच नाही. इंग्रजी मात्र विचारतं: झटक्याने, रागाने, की चुण्या पाडत? म्हणून तर तुम्हा तिघांची तीन मतं झाली.

एक राहिलं. सोफ्यावर पसरायच्या शोभेच्या चादरीला इंग्रजीत ‘थ्रो’ म्हणतात, आणि ती ‘ड्रेप’ करतात. हे बाईंना जरूर कळवा, त्यांना तेवढंच बरं वाटेल. आणि मित्राला सांगा, ‘स्लिंग’चं भूतकाळी रूप ‘स्लंग’. त्याने बरोबर वापरलंय, पण उद्या ‘स्लिंग्ड’ लिहिलं तर माझं नाव सांगायचं नाही.