गाडीची चेक इंजिन लाईट लागलीय, पी०१७१ कोड आलाय, सर्व्हिसवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतायत. बदलू का? आणि घरी ठेवायला स्कॅनर कुठला घेऊ?

नका बदलू. निदान एवढ्यात तरी नाही. पी०१७१ म्हणजे बँक १ (सिलिंडरची पहिली रांग) लीन, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, आणि हे इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगितलं कोणी, तर त्याच ऑक्सिजन सेन्सरने. चोर आला म्हणून ओरडणाऱ्या वॉचमनलाच कामावरून काढायचा प्रकार आहे हा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं सेम झालेलं. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये लाईट लागली, आयडलला (इंजिन चालू, पाय रेसवर नाही) थरथर, रेस दिली की एकदम नॉर्मल. सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) मशीन लावलं, कोड वाचला आणि लगेच सेन्सरचं एस्टिमेट हातात. म्हटलं लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) दाखवा, तर म्हणे सर तो कस्टमरला दाखवत नाही. अरे, इंजिन कोणाचं आहे!

घरी येऊन इएलएम ३२७ चिपवालं ब्लूटूथ डोंगल (गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारं) लावलं. फ्युएल ट्रिम म्हणजे इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा; शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकलेला) अशा दोन्ही ट्रिमची बेरीज आयडलला +२३ टक्के, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं की उतरून पाचच्या आसपास. इथेच निम्मं काम झालं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जास्त आणि इंजिन हवा घेतं थोडीशीच, त्यामुळे चोरून आत येणारी जराशी हवाही आकड्यात लगेच दिसते. पेट्रोलच्या पंपाचा किंवा फिल्टरचा लोचा असता तर उलट झालं असतं, लोड आला की ट्रिम वाढला असता. मग मोबाइलचा टॉर्च आणि बायकोच्या पावडरच्या डबीतला आरसा घेऊन बोनेटमध्ये डोकं घातलं. पीसीव्हीची (इंजिनातला धूर परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी वरून नवीकोरी, खालच्या अंगाला मात्र उंदराने कुरतडलेली, दातांच्या खुणा स्पष्ट आणि ब्रॅकेटवर काळ्या रबराचा चुरा. तिथे बोट दाबलं तर आयडल तिथल्या तिथे सुधारला. नळी बदलली, खर्च सेन्सरपुढे चिल्लर.

आता आमचे कोपरखैरण्याचे साडू. त्यांचं ठाम मत की स्कॅनर वगैरे खेळणी आहेत, बॅटरीची मायनस काढून ठेवायची, लाईट जाते. जाते ना! सोबत फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे कोड आला तेव्हा स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती हा सगळा पुरावा साफ, शिकलेले ट्रिमही शून्य. आणि असे बरेचसे कोड लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून चालवून बंद करेपर्यंतची एक फेरी) फॉल्ट दिसल्यावरच लाईट लावतात, त्यामुळे मधल्या काळात गाडी बरी झाली असं वाटतं. साडूंची गाडी वर्षभर अशीच "बरी" होत होती आणि प्रत्येक बारशाला-मुंजीला मला ऐकवणं चालू. तुम्ही कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, एवढं तरी माझ्यासाठी कराच.

हां, माझ्या गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे. तुमच्यात नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर एअर लीकने ट्रिम इतका चढत नाही, आयडल आरपीएमच वर जातो. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर कोड गॅसवर येतो की पेट्रोलवर ते आधी बघा, गॅसचं ट्युनिंग लीन असलं तरी हाच कोड येतो. सेन्सर कधीच खराब होत नाही असंही नाही, पण त्याच्या आधी एक्झॉस्ट लीक तपासा, बाहेरची हवा आत ओढली गेली तरी तो लीनच दाखवतो. लीक शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, पेट घेतं.

स्कॅनर कुठलाही घ्या, लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम दाखवणारा हवा, नुसता कोड वाचणारा नको. आणि लाईट स्थिर नसून लुकलुकत असेल तर यातलं काही करत बसू नका, मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवतं. गाडी बाजूला घेऊन टो करा.