इम्पेलर बदलायच्या आधी

चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नवा लागला असशील, तर आधी एक फरक पक्का कर. त्याच मापाचा, त्याच धातूचा, त्याच रेटिंगचा भाग बसवला तर ती दुरुस्ती. बाकी सगळा बदल, आणि त्याला लेखी मंजुरी हवीच. सांध्यात बसवायच्या गॅस्केटचं नुसतं मटेरियल बदललं तरी.

इम्पेलरचंच बघ, म्हणजे पंपाच्या आतलं फिरणारं पात्यांचं चाक. २०० मिमीच्या जागी २२० टाकला आणि वेग तोच ठेवला, तर हेड (पंप द्रव जितक्या उंचीवर चढवू शकतो ती) साधारण २१ टक्के वाढतं, पॉवर ३३ टक्के. मोटर ट्रिप झाली तर ते परवडलं. डिस्चार्ज व्हॉल्व्ह (पंपाच्या बाहेरच्या बाजूचा) बंद असताना पुढच्या लाइनवर किती दाब येतो, फ्लँजला, म्हणजे पाइपच्या बोल्टवाल्या जोडाला, तो झेपतो का, हे कुणी बघितलेलंच नसतं. खरा धोका तिथं.

'तात्पुरतं' म्हटलं की जास्त सावध हो. १९७४ मध्ये इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात पाचवा रिॲक्टर काढून त्याच्या जागी तात्पुरता २० इंची बायपास पाइप टाकला होता. दोन्ही टोकांना बेलोज (घड्यांचे लवचिक जोड), आधार धड नाही. तो फुटला, २८ माणसं गेली. म्हणून तात्पुरत्या बदलाच्या फॉर्मवर संपायची तारीख घाल. मुदतवाढ हवी तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

गाळपाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई असते. तरी चालू करण्याआधी लाइन स्वतः फिरून बघ, ड्रॉइंग लाल पेनानं दुरुस्त कर. शिफ्टच्या पोरांना कन्नड-मराठी दोन्हींत सांग. नुसती सही घेऊ नको, व्हॉल्व्हपाशी उभं करून त्यांच्याकडून करवून घे.