नुकतीच व्हीगन झाले आहे, म्हणजे दूध-तुपासह प्राण्यांपासूनचं सगळं सोडलं आहे. रत्नागिरीत राहते. पाककृतींचं पुस्तक कसं निवडू?

आधी पुस्तकातली साहित्याची यादी चाळा. बदामाचं दूध, टोफू, व्हीगन चीज पानोपानी असेल तर ते तूर्त राहू दे. शोधाशोधीतच मन विटतं. कडधान्यं आणि नारळावर भर असलेलं पुस्तक घ्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, नारळाच्या रसातले शिरवाळे यांना आपल्याकडे दूध-तूप लागतच नाही. पुस्तकात क्रीम सांगितलं असेल तिथे नारळाचा पहिला, दाट रस घाला, पण अगदी शेवटी आणि मंद आचेवर. खळखळ उकळला तर फुटतो. मोदकावरचं तूप मात्र सुटेल, त्याचं वाईट वाटणारच. आणि बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू कराच.