लाउडनमध्ये शेतजमीन घेण्यापूर्वी: हरणे, परवाने आणि वाया जाणारे मांस

यजमानांची बदली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲशबर्नला होत असून तिथल्या लाउडन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पश्चिम भागात आठ-दहा एकर घेऊन द्राक्षे लावण्याचा तुमचा विचार आहे; परंतु तिकडे पीकनुकसानीच्या नावाखाली हरणे मारून बांधावरच कुजत टाकतात असे ऐकल्यामुळे मन कचरते, असे तुम्ही लिहिले आहे. येवल्याकडच्या माणसाला ही शंका येणे साहजिक आहे. ममदापूर-राजापूरच्या शिवारात काळविटांचा कळप पिकात उतरला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शेतकऱ्याला हाकारण्यापलीकडे काही करता येत नाही. व्हर्जिनियात मात्र कायदा त्याला बंदुकीपर्यंत जाऊ देतो, आणि तुम्ही ऐकलेले सगळेच खोटे नाही.

मुळात पीकनुकसानीसाठी हरणे मारण्याचा परवाना मागितला आणि मिळाला असे होत नाही. मालकाने किंवा कसणाऱ्याने राज्याच्या वन्यजीव विभागाला नुकसान कळवायचे, अधिकाऱ्याने पाहणी करायची आणि खात्री पटल्यावरच लेखी परवानगी द्यायची, असा क्रम आहे. पाहणी करणारा जाणकार असतो. हरणाला वरचे पुढचे दात नसल्यामुळे ते कोंब ओरबाडून तोडते आणि देठाचे टोक फाटलेले राहते. ससा किंवा ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) मात्र चाकूने कापावे तसा स्वच्छ तिरपा काप घेतो. आमच्या शेजारच्या सोयाबीनमध्ये रानालगतच्या ओळी अशा खुडल्या गेल्या होत्या की नुसती बोटभर खुंटे उभी होती. ते शेत पाहिल्यावर शेतकऱ्याला सरसकट क्रूर ठरवणे मला जमत नाही.

नासाडी होते ती वेळेमुळे. द्राक्षाला कोवळी फूट येते वसंतात, सोयाबीन उगवते उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे परवान्याची गरज नेमकी शिकारीच्या हंगामाबाहेर पडते. उकाड्यात मांस काही तासांत खराब होऊ लागते, आणि हरणे सोलून-कापून देणारे बरेचसे खाटीक शरद ऋतूतील शिकारीच्या हंगामातच हे काम घेतात. रानातले मांस विकण्यास बंदी असल्यामुळे ते स्वतः खाणे किंवा दान करणे एवढेच मार्ग उरतात. ‘हंटर्स फॉर द हंग्री’ ही संस्था १९९१ पासून या राज्यात असे मांस गरजूंपर्यंत पोहोचवते, परंतु त्यासाठी जवळपास तिचे काम घेणारा खाटीक हवा आणि तो त्या दिवशी उघडा हवा. शिवाय मे-जूनमध्ये मादी मारली गेली तर गवतात दडलेले पाडस मागे राहते, याबद्दल खुद्द शिकारीही कुरकुरतात, आणि त्यांचे बरोबर आहे. त्यातच फ्रेडरिक काउंटीत २००९ च्या शिकारीच्या हंगामात हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा जीवघेणा रोग राज्यात प्रथम सापडला. तेव्हापासून रोगग्रस्त भागातून मृत जनावर बाहेर नेण्यावर बंधने आहेत आणि तिथले मांस खाण्यापूर्वी तपासून घ्यावे असा सल्ला दिला जातो.

म्हणून माझे मत असे की, मेलेले जनावर त्याच दिवशी कोण उचलणार हे ठरल्याखेरीज उन्हाळी परवान्यासाठी अर्ज करूच नये. तुमच्या शाकाहारी घरात तर हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहील. त्यापेक्षा लागवडीआधी आठ फुटी कुंपण घालावे (त्याहून कमी उंचीचे हरणे लीलया ओलांडतात), आणि तरीही माद्यांची संख्या कमी करणे भागच पडले तर शिकारीच्या हंगामात वापरायचे नुकसान-नियंत्रणाचे टॅग (जास्तीच्या माद्या मारण्याची परवानगी देणाऱ्या चिठ्ठ्या) वन्यजीव विभागाकडून मागावेत. त्या दिवसांत थंडी असते, खाटीक उघडे असतात आणि पाडसे मोठी झालेली असतात. कुंपण महाग पडते हे खरे, पण द्राक्षबाग वीस-पंचवीस वर्षांची असते.

यजमान एच-१बी व्हिसावर (नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर) येणार असतील तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना यासारखा अपवाद लागू होत नसेल तर, बंदूक वा काडतुसे बाळगता येत नाहीत. तेव्हा नुकसानीच्या परवान्यावर गोळी घालणारा म्हणून बहुधा दुसऱ्याचेच नाव घालावे लागेल, आणि तो माणूस कसा वागतो यावर शेजारपाजारात तुमचे नाव ठरेल. जमीन पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारा की मागचा परवाना कधी काढला होता, नेमबाज कोण होता आणि मारलेली हरणे कुठे गेली. उत्तर देताना तो चाचरला तर रानाकडच्या कडेने स्वतः एक फेरी मारून या.